हशाचा पंच

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात घाटनांदूरला थांबते. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव. बीड शहराला पहिली प्रवासी गाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. घाटनांदूरची रुळांशी ओळख मात्र निजामाच्या राजवटीपासूनची. या मार्गाचं दुसरं टोक विकाराबादवरून हैदराबादकडे जातं, आणि इथल्या बोलीतही त्या अंगाचे बरेच शब्द येऊन बसले आहेत. मुंबई इथून लांब. पण रात्रीची जेवणं उरकली की मुंबईच्या स्टुडिओत चित्रित झालेला विनोदी कार्यक्रम इथल्याही घरांत लागतो आणि त्यात अधूनमधून 'गावाकडचा माणूस' अवतरतो. टोपी, बगलेत पिशवी, तोंडात तंबाखू. समजा, प्रहसन मराठवाड्यात घडतंय असं सुरुवातीलाच सांगितलेलं आहे आणि हा माणूस पहिलंच वाक्य टाकतो, 'काय करून राहिला बे?' घाटनांदुरात असं कुणी बोलत नाही. ही बोली वऱ्हाडातली. इथे म्हणतील, 'काय करायलास रं?' पण समोरच्या मेजामागे बसलेले परीक्षक पोट धरून हसतात, टाळ्या वाजवतात, 'काय बेअरिंग पकडलंय!' म्हणतात आणि भरभरून गुण देतात. घाटनांदूरच्या प्रेक्षकालाही हसू येतं, नाही असं नाही. फक्त ते कशाचं, हा प्रश्न उरतो. मेजामागच्या माणसांनी नेमकं काय जोखलं, हा दुसरा.

विनोदी नटांच्या बोलण्यात 'पंच' या शब्दाला एक खास अर्थ आहे. ज्या शब्दावर हशा फुटतो तो पंच. कुस्तीच्या फडात आणि गावच्या न्यायनिवाड्यातही पंच असतो. तिथे तो निकाल देणारा. दूरचित्रवाणीवरच्या विनोदाच्या स्पर्धेत हे दोन्ही पंच समोरासमोर येतात आणि गंमत अशी की, दुसऱ्याने पहिल्याची चाकरी पत्करलेली दिसते. परीक्षक निकाल देत नाही, तो पंचाला दाद देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, परीक्षकाचं काम हसणं हे नव्हे, हशाचं कारण सांगणं हे आहे. आणि ते कारण सांगायचं तर त्याला नाटकाची जाण असून भागत नाही, बोलीचा कान लागतो. मराठीत तर लागतोच, कारण मराठी विनोद अर्ध्याहून अधिक बोलण्यात असतो.

आधी परीक्षकाची ही खुर्ची कशी घडली ते पाहू. २००५ साली स्टार वनवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' सुरू झालं. नवज्योत सिंग सिद्धू आणि शेखर सुमन हे परीक्षक. एक माजी क्रिकेटपटू, दुसरा नट आणि सूत्रसंचालक. सिद्धूंचं गडगडाटी हसणं आणि शेरोशायरी यांची स्पर्धकांइतकीच चर्चा झाली. २००७ मध्ये सोनीवर 'कॉमेडी सर्कस' आली आणि अर्चना पूरन सिंग यांचं हसणं घरोघरी पोचलं. त्याच वर्षी 'लाफ्टर चॅलेंज'च्या तिसऱ्या पर्वात कपिल शर्मा विजेता ठरला. पुढे २०१३ मध्ये कपिलने स्वतःचा कार्यक्रम काढला, तेव्हा त्यात सिद्धूंना मोठी खुर्ची दिली. तिथे स्पर्धा नव्हती, गुण नव्हते, निकाल नव्हता. हसणं तेवढं होतं. २०१९ मध्ये सिद्धू त्या खुर्चीवरून उठले आणि अर्चना पूरन सिंग तिथे बसल्या. म्हणजे चौदा वर्षांत परीक्षकाच्या पदातून परीक्षा गळून पडली आणि पद शिल्लक राहिलं. मराठीतही वाट फारशी वेगळी नाही. झी मराठीवर 'हास्यसम्राट'मध्ये एकट्याने उभं राहून हसवणाऱ्यांची स्पर्धा झाली. २०१० मध्ये 'फू बाई फू' आलं, स्वप्नील जोशी आणि निर्मिती सावंत परीक्षक झाले, आणि भाऊ कदमसारखा नट महाराष्ट्राला ठाऊक झाला. २०१८ मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली ती स्पर्धा म्हणूनच. प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर यांच्यासमोर समीर चौघुले, विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर अशी ताकदीची मंडळी उभी राहिली. पुढे स्पर्धा मागे पडली, खुर्च्या जागच्या जागी राहिल्या. हा त्या खुर्चीवर बसलेल्यांचा दोष नाही. ती माणसं आपापल्या क्षेत्रात कर्तबगार आहेत. दोष खुर्चीच्या घडणीत आहे.

ही घडण अशी का झाली, याला एक साधं कारण आहे. हसणं हा लागण होणारा प्रकार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी माणसं प्रत्यक्षात कधी हसतात याच्या नोंदी ठेवल्या. माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो, असं त्यांना आढळलं. त्याहून मजेचं म्हणजे, त्यांनी टिपलेल्या हशांपैकी जेमतेम १० ते २० टक्के हशे विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचे होते. बाकीचे 'बरं, निघतो आता' यासारख्या साध्या वाक्यांवर. हसण्यासाठी विनोद लागतोच असं नाही, सोबत लागते. दूरचित्रवाणीला हे फार आधी कळलं होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हशांचं एक यंत्र तयार केलं. कळ दाबली की हवा तसा हशा, खुसखुस म्हणा की खदखदाट म्हणा. घरात एकट्याने कार्यक्रम पाहणाऱ्याला सोबत मिळाली. हसणारा परीक्षक ही त्या यंत्राचीच पुढची आवृत्ती आहे, चेहरा असलेली आणि ओळखीची. घाटनांदूरच्या घरात पडद्यावरचा नामवंत चेहरा हसला की, आपणही हसावं असं वाटतं. नाही हसू आलं तर आपल्यालाच काही समजलं नसेल, असंही वाटून जातं. त्यात हे हसू संकलकाच्या हातातलं. कोणत्या वाक्यानंतर कोणता हसरा चेहरा दाखवायचा हे चित्रीकरणानंतर, संगणकासमोर ठरवता येतं. ज्या निर्णयावर स्पर्धकाचं पुढचं आयुष्य अवलंबून आहे, त्याचा दिसणारा पुरावाच असा सैल असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो तगडा आहे. विनोदाला हशा हेच माप. लोक हसले की झालं, त्यात कारणं कसली विचारता? तमाशाच्या फडात परीक्षक होता का? नव्हता, हे खरं. बतावणीत सोंगाड्याने टाकलेला शब्द पडला की पडला आणि पिकला की पिकला. निकाल तिथल्या तिथे, शिट्टीने, फेट्यांनी नि दौलतजादा करणाऱ्याच्या हाताने. पण या उदाहरणाकडे नीट पाहिलं तर ते आक्षेपाच्याच विरोधात जातं. फडासमोर बसलेला माणूस स्वतः हसत होता, स्वतःच्या खिशातून देत होता आणि सोंगाड्या ज्या बोलीत, ज्या पाटलावर, ज्या तलाठ्यावर बोलत होता ती बोली, तो पाटील, तो तलाठी त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. सोंगाड्या चुकला तर ते त्याला कळत होतं. दाद देणारा आणि जाणणारा एकच होता, म्हणून वेगळ्या पंचाची गरज नव्हती. दूरचित्रवाणीने या दोघांना वेगळं केलं. जाणणारा घाटनांदुरात, दाद देणारा मुंबईत. शिवाय आपल्याकडे निव्वळ हशा-टाळ्यांवर सगळं सोडलेलं होतं असंही नाही. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात कूटप्रश्न टाकला जायचा, समोरच्या शाहिराला त्याचं उत्तर त्याच चालीत द्यावं लागे, आणि ते बरोबर की चूक हे ओळखणारे जाणते श्रोत्यांत बसलेले असत. टाळी कितीही पडो, उत्तर चुकलं की चुकलं.

हशा मोजूनच निकाल द्यायचा म्हटलं तर काय होतं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जपानचं आहे. तिथे 'मान्झाई' नावाचा दोघांनी उभं राहून करायचा विनोदी संवाद फार लोकप्रिय आहे; एक बरळणारा, दुसरा त्याला टोकणारा. ओसाका हे या कलेचं माहेर आणि ओसाकाची बोली तिची जणू मातृभाषा. २००१ साली 'एम-वन ग्रां प्री' ही मान्झाईची मोठी स्पर्धा सुरू झाली. परीक्षक होतेच, शिवाय सापोरो, ओसाका आणि फुकुओका या तीन शहरांत प्रत्येकी १०० सामान्य प्रेक्षक बसवून त्यांची मतंही गुणांत धरली. तोक्योकडची 'ओगियाहागी' नावाची जोडी त्या रात्री आली. सावकाश, सपाट सुरात बोलणारी. ओसाकाच्या १०० प्रेक्षकांपैकी फक्त ९ जणांनी त्यांना मत दिलं. तीच जोडी पुढे जपानी दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षं टिकली. आयोजकांनी पुढच्याच वर्षापासून प्रेक्षकांची ही मतं बंद केली आणि निकाल अनुभवी विनोदकारांच्या हाती ठेवला. यातून प्रेक्षक मूर्ख असतात असं निघत नाही. निघतं ते एवढंच की, प्रेक्षकांचा हशा हा आपल्या बोलीला आणि आपल्या लयीला सरावलेल्या कानाचा हशा असतो. ओसाकाने तोक्योला ९ गुण दिले, तर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतले प्रेक्षक बीडच्या मुलाला किती देतील आणि कशासाठी देतील, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मांडलेलासुद्धा नाही.

या जपानी स्पर्धेबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या बहुतेक परीक्षकांनी स्वतः वर्षानुवर्षं रंगमंचावर हसवलेलं असतं, ते १०० पैकी गुण देतात, प्रत्येकाचा आकडा सर्वांसमोर दिसतो आणि मग 'तुम्ही एवढेच का दिलेत?' असं सूत्रधार त्यांना तिथेच विचारतो. दोन-तीन गुणांच्या फरकाचंही कारण द्यावं लागतं. एवढं करूनही अन्याय संपत नाही. पहिल्या क्रमांकाला उतरणाऱ्या जोडीला कमी गुण मिळतात, असं तिथे सगळेच धरून चालतात. परीक्षक पुढच्यांसाठी जागा राखून ठेवतात. २००१ च्या विजेत्यांनंतर पहिल्याच क्रमांकाला सादर करून जिंकणारी जोडी निघाली ती थेट २०२३ मध्ये, 'रेइवा रोमान'. आणि तिने पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्याच क्रमांकावरून जिंकून दाखवलं. हा दोष विनोदापुरता नाही. बेल्जियममधल्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा फ्लोरेस आणि गिन्झबर्ग यांनी १९९६ साली अभ्यास केला. तिथे वादनाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही आधीच्या दिवशी वाजवणाऱ्यांचा क्रमांक खाली लागण्याकडे कल दिसला. अभिजात संगीताचे जाणकारही क्रमाने फसतात, तर हसून दमलेला परीक्षक किती फसेल! म्हणूनच कारण मागायचं. जो परीक्षक 'पहिला होता म्हणून कमी दिले' असं स्वतःशी कबूल करू शकत नाही, त्याला समोरच्या माणसाला कारण सांगायला लावलं की आपोआप जरा सावध व्हावं लागतं.

दुसरा आक्षेप: विनोद ही ज्याची त्याची आवड, तिचं मोजमाप कसं करणार? आवडीचं करता येत नाही, हे मान्य. पण बांधणीचं करता येतं, आणि हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोग यशस्वी झाला की नाही याची चिन्हं दिली आहेत: प्रेक्षकांचं स्मित, अर्धं हसू, मोठा हशा, 'साधु', 'अहो' असे उद्गार. म्हणजे प्रेक्षकांचा हशा भरतानेही हिशेबात धरला आहे. पण नटांमध्ये चढाओढ लागली आणि निवाडा करायची वेळ आली तर तो 'प्राश्निकांनी' करायचा, असं तिथे सांगितलं आहे. आणि हे प्राश्निक कोण, तर यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपल्या जाणतेपणाच्या प्रांतापुरतं बोलायचं. उभं राहण्याचा डौल धनुर्धर पाहील, रंगभूषा चित्रकार पाहील, शृंगाराचे व्यवहार वेश्या पाहील आणि उच्चार व पाठ वैयाकरण पाहील. ही यादी आजच्या काळाला जशीच्या तशी लावा, असं कुणी म्हणणार नाही. पण निवाड्यासाठी नाना प्रकारचे जाणते हवेत आणि त्यात भाषेचा माणूस हवाच, हे त्या ग्रंथकाराला उमगलं होतं. आपल्या मेजामागे बहुधा दोन चेहरे असतात आणि दोघेही सिनेमा-नाटकातले. दोन धनुर्धर म्हणा हवं तर.

भाषेच्या माणसाने काय पाहायचं, हे एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. घाटनांदूरच्या स्टेशनावर दोन पात्रं उभी आहेत असं धरू. एक विचारतो, 'गाडी कव्हा यायची?' दुसरा शांतपणे म्हणतो, 'कालची यायलीय की आजून.' इथे हशा येईल तो गाडीच्या उशिरावर, आणि तो आणतं ते 'यायलीय' हे क्रियापद. मराठवाड्याच्या बोलीत 'करायलाय', 'जायलोय', 'यायलीय' या रूपांनी चालू क्रिया दाखवतात. 'कालची येतेय' यात ती मजा नाही. 'यायलीय' म्हटलं की कालपासून ती बिचारी येतच आहे, असं चित्र उभं राहतं. बोली इथे विनोदाची कारागीर आहे. आता हीच दोन पात्रं दुसऱ्या लेखकाच्या हाती द्या. पहिला तोंड वाकडं करून, हेल काढून 'आवं, कव्हा यील वो?' असं म्हणतो, आणि वाक्यात काहीही नसताना हशा पडतो. हा हशा बोलीतून आला नाही, बोलीवर आला. पहिला विनोद प्रमाण मराठीत सांगितला तर मरतो. दुसरा प्रमाण मराठीत सांगितला तर त्यात मुळातच काही नव्हतं, हे उघडं पडतं. परीक्षकाने मनातल्या मनात करून पाहावी अशी ही सोपी कसोटी आहे. तिला आवडीनिवडीशी काही देणंघेणं नाही. हीच कसोटी काळ्या रंगावरच्या, लठ्ठपणावरच्या आणि साडी नेसलेल्या पुरुषावरच्या हुकमी हशांनाही लावता येते: सोंग काढून घेतलं तर वाक्यात काय उरतं? ज्या प्रहसनात काही उरत नाही, त्यावर मेजामागून टाळी आली की, लिहिणाऱ्याला पुढच्या आठवड्याचा रस्ता कळतो.

बोलीची कारागिरी कुठवर जाऊ शकते, याचा दाखला मराठवाड्यानेच दिला आहे. औरंगाबादचे डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग उभा केला. एक माणूस, अंगावर साधे कपडे आणि ५२ पात्रं. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानाने लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे हा प्रयोग संदीप पाठक यांनी हाती घेतला, आणि ते बीड जिल्ह्यातल्याच माजलगावचे. ५२ माणसं वेषभूषेशिवाय वेगळी ओळखू येतात ती कशाने? म्हातारीचा हेल, पोरसवदा गड्याची घाई, मुंबईला राहून आलेल्याचं अर्धवट शुद्ध बोलणं, यांतल्या बारीक फरकाने. 'वऱ्हाड'ला महाराष्ट्रभर हसू मिळालं, पुण्यात मिळालं, परदेशातल्या मराठी मंडळींतही मिळालं. तेव्हा 'अस्सल बोली शहरी प्रेक्षकाला कळत नाही, म्हणून आम्ही ती सोपी करतो' ही सबब टिकत नाही. बीडकडचं बोलणं ज्यांनी सिनेमात रुळवलं त्या मकरंद अनासपुरे यांच्या यशानंतर तर मुळीच नाही. जे सोपं केलं जातं ते बहुतेक वेळा वऱ्हाडी, कोल्हापुरी, मराठवाडी आणि अहिराणी यांचं एकत्र वाटलेलं वाटण असतं. त्याला 'ग्रामीण' असं नाव देतात. त्या नावाचं गाव महाराष्ट्राच्या नकाशावर सापडत नाही.

तिसरा आक्षेप वाहिन्यांच्या बाजूचा: ही करमणूक आहे, कोर्ट नव्हे, दिवसभर थकून आलेला माणूस हसायला बसतो, त्याला चिकित्सा नको. आणि नवोदिताला चारचौघांत सुनावलं तर तो पुन्हा उभाच राहणार नाही. यातला दुसरा भाग विचारात घेण्याजोगा आहे. विनोद करणाऱ्यासारखा उघडा नट दुसरा नसतो. गंभीर प्रवेश फसला तर लोक शांत राहतात, विनोद फसला तरीही शांतच राहतात, पण ती शांतता अंगावर येते. त्याला आधार हवाच. पण आधार म्हणजे स्तुती नव्हे. मराठी रंगभूमीला कठोर परीक्षकांची सवय आहे आणि त्यापायी ती काही मेली नाही. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या पात्रतेची एकांकिका आली नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाद झाला, व्हायलाच हवा होता. पण 'अरे, आवाज कुणाचा' म्हणत मुलं पुन्हा तालमीला लागलीच. आता विनोदाच्या एखाद्या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या महाअंतिम सोहळ्यात परीक्षक उठून 'यंदा कुणीच नाही' म्हणतील, अशी कल्पना करून पाहा. प्रायोजकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

आणि चिकित्सा म्हणजे कंटाळा, हेही खरं नाही. २०१८ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आलेल्या 'कॉमिकस्तान'ने एकेका भागात एकेक प्रकार घेतला. कधी रोजच्या निरीक्षणातून आलेला विनोद, कधी किस्सा, कधी चालू घडामोडी, कधी आयत्या वेळी सुचलेलं. मार्गदर्शक त्या प्रकारात मुरलेले, परीक्षक स्वतः रंगमंचावर उभं राहून हसवणारे, आणि जोडीला समोरच्या प्रेक्षकांचे गुण. शेवट घाईत उरकला, अमुक वाक्य दोनदा आलं, असं ते बोलत आणि ते ऐकण्यातही मजा होती. त्याची भाषा मोठ्या शहरांतली हिंदी-इंग्रजी सरमिसळ होती आणि घाटनांदूरला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, हे वेगळं. पण परीक्षण हाच कार्यक्रमाचा रंजक भाग होऊ शकतो, हे त्याने दाखवलं. क्रिकेटचं समालोचन ऐकताना कुणी 'नुसते टाळ्या वाजवा, चेंडू का फिरला ते सांगू नका' असं म्हणत नाही. गाण्याच्या स्पर्धांतही परीक्षक 'कोमल निषाद जरा वर लागला' असं म्हणतात, ज्याला निषाद ठाऊक नाही तोही कान टवकारतो आणि हळूहळू त्याला ऐकू येऊ लागतं. विनोदाच्याच प्रेक्षकाला अडाणी का समजायचं? एखादा पॉज अर्ध्या क्षणाने चुकला, पंच वाक्याच्या शेवटी न येता मधे आला आणि विझला, सुरुवातीला पेरलेली गोष्ट शेवटी परत आली म्हणून हशा दुप्पट झाला. हे सांगितलं तर प्रेक्षकाच्या हसण्यात भरच पडेल.

एक आक्षेप मात्र मला अडवतो. बोलीचा जाणकार मेजामागे बसवायचा म्हणजे उद्या प्रत्येक जिल्ह्याचा एकेक माणूस बसवायचा का? आज मराठवाडा, उद्या खानदेश, परवा झाडीपट्टी आणि तेरवा मालवण? आणि तो जाणकार 'आमच्याकडे असं बोलत नाहीत' एवढंच सांगत बसला तर विनोदाचा गळाच आवळला जाईल. कारण विनोदाला भाषेची मोडतोड करायचा हक्क असतो. हे खरं आहे. शुद्धतेचा पहारेकरी नकोच. पुस्तकी प्रमाण मराठीचा नको, तसा बोलीचाही नको. मला हवा आहे तो मोडतोड आणि अज्ञान यांतला फरक ओळखणारा. ज्या नटाला 'करायलास' ठाऊक आहे आणि जो मुद्दाम 'करून राहिला' म्हणतो, त्याच्या मनात काहीतरी योजना असते आणि ती ऐकणाऱ्याला जाणवते. ज्याला दोन्ही सारखीच वाटतात त्याचा प्रश्न वेगळा. असा कान असायला जिल्ह्याचा दाखला लागत नाही. चार बोलींत वावरलेला नाटककार, गावोगाव फिरलेला भारूडकार, तमाशात बतावणी केलेला जुना सोंगाड्या, बोलींचा अभ्यास केलेला एखादा प्राध्यापक, यांपैकी कुणाहीकडे तो असू शकतो. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईपासून घाटनांदूर फार लांब नाही, आणि या टापूत बोलण्याचा पोत जाणणाऱ्यांची वाण कधीच नव्हती.

राहता राहिला निकालाचा प्रश्न. तो मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. २००५ च्या 'लाफ्टर चॅलेंज'मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा सुनील पाल पहिला आला, एहसान कुरेशी दुसरा आणि राजू श्रीवास्तव तिसरा. पण पुढची सतरा वर्षं, २०२२ मध्ये निधन होईपर्यंत, उत्तर भारताच्या घराघरांत गेला तो राजू, त्याच्या गजोधरभैया या पात्रासकट. कानपूरकडचं बोलणं जसंच्या तसं उचलून त्याने त्यात लग्नातली पंगत बोलती केली, म्हैस बोलती केली. क्रमांक चुकला असेल किंवा नसेल. पाच मिनिटांच्या सादरीकरणावर दिलेला कुठलाही क्रमांक पुढे खोटा ठरू शकतो. पण त्या वेळी मेजामागून कुणी म्हटलं असतं की, 'याचा विनोद त्याच्या बोलीत आहे, नकलांत नाही,' तर ते वाक्य खोटं ठरलं नसतं. क्रमांक विसरला जातो. कारण सांगितलं तर ते नटाच्या कामी येतं, लेखकाच्या कामी येतं आणि घरी बसून पाहणाऱ्याच्याही. अलीकडे यूट्यूबवर 'इंडियाज गॉट लेटंट'ने स्पर्धकालाच स्वतःचे गुण आधी सांगायला लावले आणि ते परीक्षकांच्या सरासरीशी जुळले तर त्याला विजयी ठरवलं. २०२५ मध्ये वादात सापडून तो कार्यक्रम थांबला. त्यातला बराच विनोद मला कळकट वाटतो, पण एक गोष्ट मान्य करायला हवी: आपलं काम कितपत जमलं हे सादर करणाऱ्याला कळलं पाहिजे, हा विचार त्या खेळाच्या मुळाशी होता.

वाहिन्यांनी पुढच्या पर्वात फार काही करायला नको. तीन खुर्च्या ठेवा आणि एकीवर बोलीचा कान असलेला माणूस बसवा. गुण द्यायचे असतील तर प्रत्येक आकड्यामागचं एक वाक्य त्याच्याकडून आणि इतरांकडूनही घ्या आणि ते प्रक्षेपणात ठेवा. वर्षातून एखादा भाग मुंबई सोडून अंबाजोगाईच्या किंवा हिंगणघाटच्या प्रेक्षकांसमोर चित्रित करा आणि तिथे कुठल्या वाक्याला हशा आला नाही, ते लेखकांना ऐकू द्या. आणि त्या तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस एखाद्या पंचावर हसला नाही, तर तो चेहरा संकलनात कापू नका.